पकड व मनगटी बळ

पकड : हाताचा पंजा, बोटे व मनगट यांच्या साहाय्याने एखादे साधन अथवा प्रतिस्पर्ध्याचे अंग घट्ट धरण्याची, धरून ठेवण्याची आणि योग्य क्षणी सैल करण्याची क्षमता. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी, नौकानयन, हॉकी, क्रिकेट व गॉल्फ यांसारख्या परस्परांशी फारसे नाते नसलेल्या खेळांत ही एकच क्षमता पायाभूत ठरते. मराठीत पराक्रमाचा उल्लेख ‘मनगटाच्या जोरावर’ असा करतात, छातीच्या वा मांडीच्या जोरावर असा करीत नाहीत. व्यायामशास्त्राच्या दृष्टीनेही ही म्हण अगदीच निराधार नाही.

शरीररचनेच्या दृष्टीने मात्र ‘मनगटातील जोर’ हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. बोटे मिटविणारे प्रमुख स्नायू मनगटात नसून कोपराखालच्या अग्रबाहूत असतात. त्यांच्या लांबट कंडरा मणिबंधाच्या अरुंद मार्गातून पुढे जाऊन बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. तळहातातील लहान स्नायू अंगठ्याच्या व करंगळीच्या हालचाली नियंत्रित करतात. मुठीची पकड पक्की बसण्यासाठी मनगट किंचित मागे झुकलेले असावे लागते. ते पुढे वाकले की बोटे मिटविणाऱ्या कंडरा सैल पडतात आणि पकड आपोआप ढिली होते. प्रतिस्पर्ध्याच्या हातातील वस्तू सोडविण्यासाठी त्याचे मनगट आतल्या बाजूस मुरगाळण्याची जी युक्ती मल्लविद्येत पूर्वापार ज्ञात आहे, तिचे मूळ ह्या रचनेत आहे. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये पकडीचे शक्तिपकड व सूक्ष्मपकड असे दोन मूलभूत प्रकार कल्पिले. हातोड्याचा दांडा आपण पहिल्या प्रकाराने धरतो, तर लेखणी दुसऱ्या प्रकाराने. गॉल्फचा दांडा धरताना या दोहोंचा मिलाफ करावा लागतो आणि त्या खेळातील बहुतेक अडचणी येथेच सुरू होतात.

प्राचीन उल्लेख : पकडीच्या शिक्षणाचा पद्धतशीर उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११२९–३१) ह्या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामाच्या संदर्भात येतो. त्यात वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्या-धावण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, बाहूंचा बाहुपेल्लणकश्रम व खांबावरील स्तंभश्रम असे प्रकार सांगितले आहेत. सोमेश्वराची राजधानी ‘कल्याण’ असल्यामुळे ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिची गल्लत क्वचित केली जाते. ती राजधानी म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याण होय. उल्हास नदीकाठचे कल्याण हे कान्हेरीच्या शिलालेखांतून व पेरिप्लसमधून परिचित असलेले बंदर वेगळे. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील मल्लपुराण हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही स्तंभश्रम आहेच, शिवाय मोठे दगडी कडे घेऊन करावयाचा गोणितक हा व्यायाम आहे आणि डावपेचांची चर्चा करण्याचा ‘ऊहापोहश्रम’देखील व्यायामांतच गणला आहे. बोलण्यास श्रमांत स्थान देणारे हे वर्गीकरण आधुनिक क्रीडाशिक्षकांनीही ध्यानी घेण्याजोगे आहे.

मल्लखांब : महाराष्ट्रात पकडीचे खरे शास्त्र घडले ते मल्लखांबावर. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) बाळंभटदादा देवधर यांनी ह्या विद्येचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा सांगते. निजामाकडील अली व गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी त्यांनी सप्तशृंगी गडावर उपासना केली आणि तेथे त्यांना लाकडी खांबावरील पकडींचा दृष्टांत झाला, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. दृष्टांताचा भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उघड आहे. कुस्तीतील जोडीदार थकतो, दुखावतो व चिडतो. खांब यांपैकी काहीच करीत नाही. त्यामुळे एकच पकड शंभर वेळा घोटण्याची सोय मल्लाला प्रथमच लाभली. पेशवाई संपल्यावर देवधरांच्या शिष्यपरंपरेमुळे ही विद्या पुण्याबाहेर काशी, बडोदा इ. ठिकाणी पोहोचली.

पुरलेला मल्लखांब शिसवी वा सागवानी लाकडाचा असून जमिनीवर त्याची उंची सु. अडीच मी. असते. बुंध्याकडून वर तो निमुळता होत जातो आणि मानेवर बोंड असते. खांबाला व अंगाला एरंडेल तेल लावतात. नवख्याला हे उलटेच वाटते, कारण घट्ट धरावयाचे तर तेल कशासाठी? परंतु कोरड्या लाकडावर कातडी सोलवटते आणि केवळ घर्षणाच्या आधाराने राहण्याची सवय लागते. तेलकट खांबावर टिकण्यासाठी स्नायूंनी प्रत्यक्ष दाब द्यावा लागतो, तोही खांबाभोवती सर्व बाजूंनी सारखा. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे, सुईदोरा, वेल, झाप, उतरत्या, ताजवे व आसने हे मल्लखांबावरील उड्यांचे व पकडींचे प्रमुख वर्ग होत. त्यांतील फरारे व ताजवे यांत शरीराचा भार अल्पशा आधारावर तोलावा लागतो. मांड्या, बगला, कोपराची लवण व पायाचे तळवे यांनाही मल्लखांबपटू ‘पकडावयास’ शिकवितो. पकड म्हणजे केवळ मूठ नव्हे, हा बोध येथे होतो.

वेताच्या मल्लखांबाची व त्यातून पुढे आलेल्या दोरीच्या मल्लखांबाची रीत वेगळी. चांगला लांब वेत दुर्मिळ झाल्यावर सु. दोन सेंमी. जाडीचा सुती दोर वापरात आला. दोरीला कोठेही गाठ मारावयाची नाही, हा नियम. पायाचा अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून वर चढावयाचे असते. तालमीचे जग पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचेच राहिले होते. दोरीच्या मल्लखांबामुळे विसाव्या शतकात मुलींना त्यात मोठ्या संख्येने प्रवेश मिळाला, ही ह्या प्रकाराची सामाजिक कामगिरी क्रीडाविषयक कामगिरीइतकीच मोलाची आहे. १९५८ मध्ये राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत मल्लखांबास स्थान मिळाले. दादरच्या शिवाजी उद्यानावर १९२५ पासून कार्य करणाऱ्या समर्थ व्यायाम मंदिराच्या परिसरात फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली.

तालमीतील साधने : जोर व बैठका यांनी अंग कमावले जाते, पण पकडीसाठी तालमीत स्वतंत्र साधने असत. त्यांतील सर्वांत साधे म्हणजे फावडे. हौद्यातील माती रोज खणणे हा पहिलवानाच्या दिनक्रमाचा भाग होता. त्याचे वेगळे नाव कोणी ठेवले नाही म्हणून त्याची गणना व्यायामात फारशी होत नाही इतकेच. जोडी, मुद्गल व करेला ही लाकडी साधने खांद्यामागून फिरवितात. त्यांचे वजन काही किलोग्रॅमांपासून पुढे वाढत जाते व बहुतेक भार टोकाकडे असल्याने मूठ निसटू न देणे हीच खरी परीक्षा असते. नाल हे पोकळ दगडी नळकांडे असून आतील मुठीस धरून ते एका हाताने उचलावयाचे असते. धनुष्याच्या सरावासाठी योजलेल्या साखळीच्या जड लेझमीत मनगटाला ओढ व झटका दोन्ही मिळतात. शाळेच्या मैदानावरील हलकी लेझीम ही तिची नृत्याकडे वळलेली धाकटी बहीण होय. पंजा लढविणे म्हणजे एकमेकांच्या बोटांत बोटे गुंतवून मनगट फिरविणे. त्यास साधन लागत नाही आणि जागाही लागत नाही, म्हणून तो सर्वांत दीर्घकाळ टिकला.

ह्या सर्व साधनांचे तपशीलवार वर्णन बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत आढळते. त्याचा इंग्रजी संक्षेप १९५० मध्ये निघाला. जुम्मादादा व प्रा. माणिकराव यांच्या बडोद्यातील व्यायाममंदिराची पार्श्वभूमी ह्या कार्यास लाभली होती.

परदेशगमन व पुनरागमन : हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यांनी जोडी व मुद्गल यांचा व्यायाम पाहिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो इंग्लंडमध्ये ‘इंडियन क्लब’ या नावाने रूढ झाला. न्यूयॉर्क येथे सायमन केहो याने १८६६ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकच काढले. १९०४ (सेंट लूइस) व १९३२ (लॉस अँजेल्स) च्या ऑलिंपिक सामन्यांत क्लब फिरविण्याची स्पर्धा झाली. दोन्ही वेळा सुवर्णपदक अमेरिकन खेळाडूंना मिळाले. ज्या देशातून हे साधन गेले, तेथील कोणीही त्यांत नव्हता. पुढे प्रवाह उलटा वाहू लागला. यूजीन सँडो या शक्तिप्रयोगकाराने मुठीत दाबावयाच्या स्प्रिंगचे डंबेल विक्रीस आणले आणि १९०४–०५ मध्ये त्याने हिंदुस्थानचा दौरा केला. त्याच्या व्यायामपद्धतीचे येथे काय उरले हे सांगणे कठीण. बिनबाह्यांच्या बनियनला ‘सँडो’ हे नाव मात्र घराघरांत उरले. स्प्रिंगच्या मुठी क्रीडासाहित्याच्या दुकानांतून आजही विकल्या जातात व अनेकांची पकडीच्या व्यायामाविषयीची कल्पना तेथेच सुरू होऊन तेथेच संपते.

ठाणे–कल्याण परिसर : खाडीकाठच्या ह्या प्रदेशात पकडीचे बळ प्रथम उद्योगातून आले. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील कोळी ओली जाळी ओढीत व वल्ही मारीत; आगरी लोक मिठागरांत व भातखाचरांत राबत. साष्टी व कल्याण–भिवंडीच्या बंदरांतून दोरखंड ओढणारे, शिडे चढविणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. सतराव्या शतकाच्या मध्यास शिवाजी महाराजांनी कल्याण–भिवंडी परिसरात जहाजबांधणी आरंभली, तिलाही अशाच हातांचे पाठबळ होते. ह्याच समाजांत हुतूतू म्हणजेच कबड्डी रुजली. त्या खेळात ‘पकड’ हा पारिभाषिक शब्दच आहे : घोटा पकड, मांडी पकड, कंबर पकड इत्यादी. चढाई करणाऱ्याचा घोटा घामाने निसरडा झालेला असताना तो क्षणार्धात धरावयाचा व श्वास संपेपर्यंत सोडावयाचा नाही, यापेक्षा कठोर कसोटी पकडीची क्वचितच असेल. ठाण्यातील मावळी मंडळ व आनंद भारती समाज ह्या संस्थांनी कबड्डी जोपासली. कल्याणात नमस्कार मंडळाने सूर्यनमस्कार व देशी व्यायाम यांचा प्रसार केला. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था काढल्यावर शाळांना शिकलेले व्यायामशिक्षक मिळू लागले. त्याचा लाभ ह्या जिल्ह्यासही झाला.

लोहमार्ग ठाण्यापर्यंत १८५३ मध्ये व कल्याणपर्यंत १८५४ मध्ये आला. त्यानंतरचा, विशेषतः स्वातंत्र्योत्तर काळातील बदल मात्र व्यायामास अनुकूल ठरला नाही. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याणची १९८३ मध्ये स्थापन झाली, तोवर डोंबिवली हे मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाचे मोठे निवासस्थान बनले होते. ज्याचे दिवसाचे तीन–चार तास प्रवासात जातात त्याला पहाटेच्या तालमीस वेळ कोठून मिळणार? गर्दीच्या वेळी लोकलच्या दारातील दांडा धरून उभा राहणारा डोंबिवलीकर रोज पकडीचा व्यायाम करतोच, असे विनोदाने म्हणतात; तो विनोद अपघातांच्या आठवणीने लगेच विरतो. मातीच्या हौद्यास लागणारी तळमजल्यावरची मोकळी जागा शहरांत सर्वांत आधी महाग झाली. जेथे हौदा होता तेथे वाहनतळ आणि जेथे मल्लखांब होता तेथे धावपट्ट्यांची यंत्रे, असे दृश्य ह्या पट्ट्यात परिचयाचे आहे. व्यायामाची हौस कमी झालेली नाही. परंतु आरशासमोर दंड फुगविणारा तरुण दोरीवर दहा हात चढू शकत नाही, हा अनुभव व्यायामशिक्षकांना वारंवार येतो. दहीहंडी हा एक सामूहिक अपवाद होय. ठाण्यातच २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने १३·३४ मी. उंचीचा नऊ थरांचा मनोरा रचून जागतिक उच्चांक नोंदविला. अशा मनोऱ्याचे स्थैर्य थरांतील एकमेकांच्या दंडांवर व खांद्यांवर रोवलेल्या हातांवर बव्हंशी अवलंबून असते.

गॉल्फमधील पकड : ग्रेट ब्रिटनबाहेर गॉल्फचा पहिला क्लब १८२९ मध्ये कलकत्त्यास निघाला व १८४२ मध्ये मुंबईतही असा क्लब स्थापन झाला. चेंबूरचा बाँबे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लब १९२७ चा. ठाणे–डोंबिवलीच्या गॉल्फप्रेमींना हे मैदान व सिडकोने खारघरच्या दरीत उभारलेले मैदान जवळचे. नासिकमध्ये हा खेळ शहराच्या भूगोलातच शिरला : हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास लोक आजही ‘गॉल्फ क्लब’ म्हणून ओळखतात, मात्र तेथे खेळले जाते क्रिकेट. साहेबांचा खेळ म्हणून मराठी मध्यमवर्ग गॉल्फपासून दीर्घकाळ दूर राहिला. २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने भारतातर्फे गॉल्फ खेळले, तेव्हा अनेक मराठी वाचकांनी हा खेळ प्रथमच लक्षपूर्वक पाहिला असेल.

गॉल्फचा चेंडू ४५·९३ ग्रॅ. पेक्षा जड असत नाही आणि लांब फटक्याच्या दांड्याचे एकूण वजन सु. ३०० ग्रॅ. असते. एवढ्या हलक्या साधनास बळकट पकड कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर गतिकीत आहे. दांड्याच्या टोकाचा भाग सु. २०० ग्रॅ. वजनाचा असून चांगल्या खेळाडूच्या हातून तो चेंडूजवळ दर सेकंदास ४० मी. वेगाने येतो. वर्तुळाची त्रिज्या १·६ मी. धरल्यास दांडा हातातून बाहेर ओढणारे बल सु. २० किग्रॅ. वजनाइतके भरते. हे बल फटक्याच्या अखेरच्या क्षणार्धातच येते. दुबळ्या मुठीचा खेळाडू ते पेलण्यासाठी आरंभापासूनच दांडा आवळून धरतो. मग अग्रबाहू ताठरतो, मनगटाची बिजागरी अडकते आणि वेगच निर्माण होत नाही. बळकट हाताच्या खेळाडूस आपल्या शक्तीचा अल्प भागच खर्चावा लागत असल्याने तो सैल हाताने फिरवू शकतो. दांडा हलक्या हाताने धरा, हा गॉल्फशिक्षकांचा जुना उपदेश आणि पकड कमवा, हा व्यायामशिक्षकांचा आग्रह यांत म्हणूनच विरोध नाही. ज्याच्याजवळ बळ आहे त्यालाच ते राखून ठेवता येते. मुद्गल फिरविणारा प्रत्येक जण हे जाणतो. मुद्गल आवळून धरला की खांद्यामागे अडखळतो.

हात बसविण्याच्या रीती तीन आहेत. इंग्लिश खेळाडू हॅरी व्हार्डन (ब्रिटिश ओपनचा सहा वेळा विजेता, १८९६–१९१४) याच्या नावाने ओळखली जाणारी रीत सर्वाधिक रूढ आहे. तीत उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी व मध्यमा यांमधील खाचेवर टेकते. दुसऱ्या रीतीत ह्या बोटांची एकमेकांत गुंफण करतात व तिसरीत दहाही बोटे दांड्यावर असतात. उजव्या खेळाडूचा मुख्य ताबा डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत असतो. दैनंदिन व्यवहारात नेमकी हीच बोटे सर्वांत कमी वापरली जातात. बेन होगन यानेही १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात पकडीस पहिल्या धड्याचा मान दिला. गॉल्फपटूने वजने उचलू नयेत, असा समज त्या काळी प्रबळ होता. दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर याने तो झुगारून नियमित व्यायाम केला व १९६५ पर्यंत चारही प्रमुख स्पर्धा जिंकून दाखविल्या.

शिक्षणपद्धती व धोके : दाबून धरणे, धरून लोंबणे व चिमटीत धरणे ही पकडीची तीन अंगे परस्परांपासून बरीच स्वतंत्र आहेत. स्प्रिंगच्या मुठीने केवळ पहिले अंग वाढते. दुसऱ्यासाठी दोर किंवा आडवा दांडा हवा. गॉल्फपटूस बादली भरून दोन्ही हातांनी आळीपाळीने वाहून नेणेही पुरते. तिसऱ्यासाठी वीट वरून बोटांनी उचलावी. ह्यांस हलक्या मुद्गलाची जोड दिल्यास मनगटाची लवचिकता टिकते. एक दिवसाआड पंधरा–वीस मिनिटे हा व्यायाम पुरेसा होतो, कारण कंडरांना होणारा रक्तपुरवठा स्नायूंच्या मानाने कमी असून त्या सावकाश बळावतात. पहिल्या महिन्यात स्नायू पुढे जातात व कंडरा मागे राहतात. बहुसंख्य दुखापती ह्याच टप्प्यावर होतात. कोपराच्या आतील बाजूस होणाऱ्या वेदनेस ‘गॉल्फ-कोपर’ म्हणतात. तो गॉल्फ न खेळणाऱ्या सुतारांत, गवंड्यांत व मल्लखांबपटूंतही आढळतो. बोटे मिटविणाऱ्या स्नायूंबरोबर ती उघडणाऱ्या स्नायूंनाही काम देणे, म्हणजे रबरी कडे बोटांभोवती घालून पंजा फाकविणे, हा त्यावरील साधा प्रतिबंध होय. बळ लावताना श्वास कोंडल्याने रक्तदाब एकाएकी वाढतो. त्यामुळे हृद्‌रोग्यांनी व रक्तदाबाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ मूठ आवळून धरू नये. गॉल्फच्या नियमांनुसार फेरी चालू असताना दांड्यास वजनी कडे अडकवून फिरविण्यास मनाई आहे. सरावात त्यास हरकत नाही.

पकडीचे मापन डायनॅमोमीटर ह्या उपकरणाने किलोग्रॅममध्ये करतात. भारतासह सतरा देशांतील सु. १,४०,००० लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पकड दर ५ किग्रॅ. ने कमी असल्यास मृत्यूचा धोका सु. १६ टक्क्यांनी अधिक आढळला. पकड वाढविल्याने आयुष्य वाढते, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. दुबळी मूठ ही एकूण दुर्बलतेची खूण असू शकते. ह्या पाहणीनंतर वृद्धांच्या तपासणीत मुठीच्या मापनाचे महत्त्व वाढले आहे. ज्या डोंबिवली–कल्याणच्या बागांतून सकाळी ज्येष्ठ नागरिकांचे गट जमतात, तेथे लोंबकळण्यासाठी एक आडवा दांडा व चढण्यासाठी एक दोर बसविण्यास फारसा खर्च येत नाही.